अंगणांतील हिरवा डाग

विहिरीचा रहाट करकरूं लागला कीं त्याच संध्याकाळीं त्याच्या आंसाला तेल मिळे. जात्याचा खुंटा हलूं लागला कीं दुसरें दळण पडण्यापूर्वीं पाचर ठोकली जाई. जी वस्तु रोज राबते तिच्याकडे रोज पाहावें, हें आमच्या घरच्या वडीलधाऱ्या माणसांनीं आम्हांस कधीं शब्दांनीं सांगितलें नाहीं. तें पाहून पाहून अंगवळणीं पडलें. परंतु मोटार घरीं आली आणि हा संस्कार कोठें गेला कोण जाणे! मोटार म्हणजे जणूं परक्याची वस्तु. तिचें पोट दुखलें तर तिचा वैद्य पाहून घेईल, आपण फक्त आंत बसावें व चाक फिरवावें, अशी आमची समजूत होती. आमच्या ओळखीच्या पुष्कळ सुशिक्षित गृहस्थांची ती अजूनही आहे. आमची समजूत ज्या रीतीनें गेली ती रीत सुखाची नव्हती, आणि तींत सोसावें लागलें तें आम्हांस नव्हे, दुसऱ्यास. म्हणूनच ती हकीकत येथें सांगावीशी वाटते.

आमची गाडी लहान. मारुति आठशें या नांवाची ही गाडी डिसेंबर १९८३ मध्यें प्रथम लोकांच्या हातीं पडली व जानेवारी २०१४ मध्यें तिचें उत्पादन थांबलें. मधल्या तीस वर्षांत मध्यम स्थितींतील किती कुटुंबांनीं आपली पहिली मोटार म्हणून तिच्यांत पाय ठेवला असेल! आमची गाडी २००३ सालची. २००८ सालीं आम्हीं ती जुनी म्हणून विकत घेतली. तिच्याबरोबर एक माहितीपुस्तिका आली होती. ती प्लॅस्टिकच्या पिशवींतून सात वर्षें बाहेर निघाली नाहीं. मूळ ग्रंथ न उघडतां टीकेवर भिस्त ठेवणाऱ्या विद्यार्थ्यांस आम्ही वर्गांत जें जें बोललों असूं, तें सर्व आम्हांसच लागू होतें. वर्षांतून एकदां गाडी एका गॅरेजांत नेऊन सोडावी, संध्याकाळीं आणावी, बिलांतील रकमांची बेरीज तपासावी आणि ती बरोबर आहे म्हणून समाधान मानावें, एवढाच आमचा तिच्याशीं संबंध.

आमचें घर वाईस आहे. अंगण फरसबंदी असून तुळशीवृंदावनाच्या डाव्या अंगास गाडी उभी राहते. सन २०१५ च्या चैत्रांत एके सकाळीं आमची सौ. रांगोळी घालून आंत आली व म्हणाली, "अहो, गाडीखालीं हिरवट पाणी सांडलें आहे."

"तुळशीला घातलेलें पाणी वाहून आलें असेल," आम्हीं वर्तमानपत्रांतून डोकें न काढतां सांगितलें.

आठ दिवसांनीं ती पुन्हा म्हणाली, "तुळशीचें पाणी हिरवें असतें का?" आम्हीं शेवाळ्याचें कारण पुढें केलें. चैत्राच्या उन्हांत फरशीवर शेवाळ कोठून येणार, हें तिनें विचारलें नाहीं आणि आम्हांस सुचलें नाहीं. तिसऱ्या वेळीं ती कांहींच बोलली नाहीं. तिनें त्या डागाभोंवतीं रांगोळीचें एक कडें काढून ठेवलें. तें आम्हीं पाहिलें, कौतुकानें हंसलों आणि त्यावरून गाडी काढून शाळेंत गेलों.

वैशाखांत पांचगणीस आप्तांकडे मुंज होती. वाई समुद्रसपाटीपासून सुमारें ७०० मीटर उंचीवर, पांचगणी सुमारें १,३०० मीटर. मध्यें पसरणीचा घाट. म्हणजे बारा-तेरा किलोमीटरांत गाडीला सहाशें मीटर चढावें लागतें, आणि तेंही भर उन्हांत, हलक्या गिअरांत. वळणावळणावर खालीं धोम धरणाचें पाणी दिसत होतें. तें आम्ही सौ.ला दाखवीत होतों. समोरच्या तबकडींतील उष्णतेचा कांटा तांबड्या रेघेला टेकला होता, तो मात्र आम्हीं पाहिला नाहीं. बॉनेटच्या फटींतून वाफ येऊं लागली तेव्हां गाडी कडेला घेतली.

पुढचें लिहितांना अजूनही हात अडखळतो. इंजिन तापलें आहे, तर त्याला पाणी पाजावें, एवढें आमचें शहाणपण. आम्हीं उपरणें चौघडी करून रेडिएटरच्या झांकणावर ठेवलें व सौ.ला म्हटलें, "बाटली धर, झांकण निघालें कीं लगेच ओत." वरून उतरणाऱ्या एस्. टी.च्या चालकानें खिडकींतून ओरडून कांहींतरी सांगितलें. तें ऐकूं येण्याच्या आंतच झांकण फिरलें होतें. उकळतें पाणी आणि वाफ यांचा फवारा उडाला तो आमच्या अंगावर नव्हे, बाटली धरलेल्या तिच्या उजव्या मनगटावर. मुंजीसाठीं म्हणून तिनें हातांत पाटल्या घातल्या होत्या. सोनें तापलें आणि आंतील कढत पाणी तेथेंच अडकलें.

तो चालक गाडी थांबवून खालीं आला. त्यानें प्रथम तिच्या हातांतील पाटली काढविली, कारण हात सुजल्यावर ती निघाली नसती. मग उतारूंकडून बाटल्या मागून घेऊन तो पंधरा-वीस मिनिटें तिच्या हातावर गार पाणी धरून राहिला. हळद नाहीं, तूप नाहीं, नुसतें गार पाणी. पांचगणीच्या डॉक्टरांनीं पुढें सांगितलें कीं, तेंच योग्य झालें. मुंज आम्हांस अर्थात् मिळाली नाहीं. हात दीड महिन्यानें बरा झाला, डाग राहिला. ती पाटली तिनें उजव्या हातांत पुन्हा घातली नाहीं.

झालें तें कां झालें, हें आम्हांस नंतर कळलें. रेडिएटरचें झांकण हें नुसतें झांकण नसतें. तें आंतील द्रव दाबाखालीं ठेवतें. उघड्या भांड्यांतील पाणी १०० अंशांस उकळतें, आणि उंच जागीं त्याहूनही आधीं. परंतु दाबाखालीं तें १०० अंशांच्या वर जाऊनही पाणीच राहतें. झांकण काढतांक्षणीं दाब जातो आणि इतका वेळ दडून राहिलेली उष्णता त्या पाण्याची एकदम वाफ करते. घरोघरीं प्रेशर कुकर आहे. त्याची शिट्टी पडल्याबरोबर झांकण ओढूं नये, हें आमच्या स्वयंपाकघरांत सर्वांस ठाऊक होतें. बॉनेटखालीं तोच कुकर आहे, एवढें मात्र कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. इंजिन बंद करावें, बॉनेट उघडून ठेवावें आणि अर्धा-पाऊण तास सावलींत बसून राहावें. झांकणाला हात लावल्यावर तें गार लागेल तेव्हांच तें फिरवावें. मुंज चुकली तर चुकूं द्यावी.

आमच्या शेजारीं एस्. टी.च्या आगारांतून निवृत्त झालेले एक कुशल कारागीर राहतात. ते दुसऱ्या दिवशीं आले, गाडीखालीं वांकून पाहूं लागले आणि फरशीवरचें पुसट झालेलें तें कडें पाहून थबकले. "मास्तर, हें कोणीं आंखलें?"

"हिनें."

"मग तुम्ही काय पाहत होतां?"

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. रेडिएटरची खालची रबरी नळी वयोमानानें चिरली होती. तिची किंमत मुंजीच्या आहेराहून कमी.

त्या दिवसापासून आम्ही त्यांचे विद्यार्थी झालों. ती पुस्तिका पिशवींतून काढली व दोन वेळां वाचली. पुस्तिकेची भाषा रूक्ष आहे, पण पाणिनीच्या सूत्रांप्रमाणें तिच्यांत एकही शब्द वायां गेलेला नाहीं. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत दिनचर्या व ऋतुचर्या असे दोन वेगळे अध्याय आहेत. रोगाची चिकित्सा पुढें. आधीं रोज काय करावें आणि ऋतु पालटतांना काय करावें, तें सांगितलें आहे. मोटारीसही हाच क्रम लावावा, असें आम्हीं ठरविलें. आमचा वार शनिवार. वेळ सकाळची, इंजिन सुरू करण्यापूर्वींची. सर्व मिळून अर्धा तास लागतो.

प्रथम तेल. गाडी सपाट जागीं हवी व इंजिन थंड हवें, म्हणजे सारें तेल खालच्या भांड्यांत उतरलेलें असतें. डिपस्टिक नांवाची पट्टी ओढून काढावी, स्वच्छ फडक्यानें पुसावी, पुन्हा पूर्ण आंत घालावी आणि मग काढून पाहावी. पहिल्या ओढींतलें माप खरें नसतें. तिच्यावर दोन खुणा असतात. तेल त्यांच्या मध्यें असावें. कमी असेल तर थोडें थोडें घालावें. उदार हातानें वरच्या खुणेच्या पार घालूं नये, कारण मग आंतील फिरता दांडा तें ताकासारखें घुसळून त्याचा फेस करतो आणि फेसानें वंगण होत नाहीं. तेलाचा रंग ताकासारखा पांढुरका दिसला तर मात्र त्यांत पाणी मिसळलें आहे असें समजून गाडी तशीच ठेवावी व जाणत्यास बोलवावें. डब्यावर २०डब्ल्यू-४० यासारखी जी अक्षरें असतात तीं आम्हांस पूर्वीं मंत्रासारखीं गूढ वाटत. त्यांतील डब्ल्यू म्हणजे इंग्रजींतील हिंवाळा. पहिला आंकडा थंडींत तेल कितपत वाहतें तें सांगतो, दुसरा इंजिन तापल्यावर तें कितपत दाट राहतें तें सांगतो. आपल्या गाडीस कोणतें, हें पुस्तिकेंत लिहिलेलें असतें. दुकानदारास विचारण्याचें कारण नाहीं.

दुसरें पाणी, म्हणजेच कूलंट. यासाठीं रेडिएटर उघडावाच लागत नाहीं! शेजारीं एक पांढुरकी बाटली असते, तिच्यावरही दोन खुणा आहेत, बाहेरूनच दिसतें. एवढी एक बाटली आम्हीं चैत्रांत पाहिली असती तर! तिच्यांत विहिरीचें किंवा नळाचें पाणी ओतूं नये. त्यांतील क्षारांचा थर आंत बसतो, जसा बंबांत बसतो. ऊर्ध्वपातित पाणी आणि कूलंट पुस्तिकेंतील प्रमाणानेंच मिसळावें. हें द्रव्य बहुधा इथिलीन ग्लायकॉलचें असतें. तें चवीला गोड असून विषारी आहे. मांजर, कुत्रें किंवा रांगतें मूल तें चाटूं शकतें. म्हणून सांडलेला थेंब तसाच राहूं देऊं नये. आमच्या अंगणांत तो महिनाभर पडत होता आणि शेजारचें मांजर रोज तेथूनच जात असे. तें वांचलें, हें आमचें नशीब.

बॅटरीच्या टोकांवर पांढरट-निळसर बुरशीसारखें कांहीं जमतें. तें खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यानें व जुन्या दातांच्या ब्रशानें निघतें. टोकें कोरडीं करून त्यांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा. तारा सोडवितांना आधीं ऋण टोकाची सोडवावी आणि जोडतांना तीच शेवटीं जोडावी. याचें कारण असें कीं, गाडीचें सारें अंग ऋण टोकास जोडलेलें असतें. तें जोडलेलें असतां धन टोकावरील पाना चुकून पत्र्यास लागला तर ठिणगी उडते. बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो, आणि तो पेट घेतो. दसऱ्यास गाडीची पूजा आम्हीही करतों, परंतु उघड्या बॉनेटशीं उदबत्ती नेत नाहीं. पूजेनंतर झेंडूची माळही पुढच्या जाळीवरून त्याच संध्याकाळीं उतरवितों, कारण ती वारा अडविते. चाकाखालच्या लिंबांविषयीं आमचें कांहीं म्हणणें नाहीं.

चाकांची हवा थंड चाकांत मोजावी; चालून आलेल्या चाकांत ती तापून वाढलेली असते व खोटें समाधान देते. किती असावी, तें चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेंत लिहिलेलें असतें. टायरवरील खांच १.६ मिलीमीटरांहून कमी झाली कीं टायर बदलावा. टायरच्या बाजूवर चार आंकडी खूण असते. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला. स्टेपनीची हवा पाहावयास आपण हटकून विसरतों. अमरकोशांत रथचक्राच्या नाभीला, नेमीला, आंसाच्या टोकाच्या खिळीला म्हणजे अणीला वेगळालीं नांवें आहेत. तीं आम्हीं पस्तीस वर्षें मुलांकडून घोकून घेतलीं, पण चाकाचे नट गाडी जमिनीवर टेकलेली असतांनाच सैल करावे, आणि बसवितांना समोरासमोरचे आळीपाळीनें आंवळावे, हें आम्हांस छपन्नाव्या वर्षीं कळलें.

हवा गाळण्याची जाळी उघडण्याचा पाठ झाला, तेव्हां एक गंमत निघाली. नुकत्याच झालेल्या वार्षिक दुरुस्तीच्या बिलांत ती जाळी नवी घातल्याची रक्कम होती. जाळीच्या पेटींत आमच्याच अंगणांतील कडुलिंबाचीं वाळलेलीं पानें होतीं, आणि जाळी इतकी काळी कीं तिनें दोन तरी उन्हाळे पाहिले असावेत. तें गॅरेज कोणतें, हें सांगण्यांत अर्थ नाहीं. बेरीज बरोबर होती, एवढें खरें. कारागिरांच्या सबंध वर्गाला त्यावरून नांवें ठेवावींत असेंही आम्हांस वाटत नाहीं. ज्या मालकास आपल्या वस्तूंतलें कांहींच कळत नाहीं, त्याच्याशीं प्रामाणिक राहणें हें कोणत्याही धंद्यांत अवघडच असतें, आणि तशी अवघड परीक्षा आम्हीं त्यांची सात वर्षें घेतली होती.

ऋतुचर्येचें थोडक्यांत सांगतों. मृगापूर्वीं कांच पुसणारीं वायपरचीं रबरें पाहावींत. उन्हानें तीं कडक होतात. दारांच्या तळाशीं पाणी निथळण्यासाठीं बारीक भोंकें असतात, तीं काडीनें मोकळीं करावींत. पावसाळ्यांत उंदीर ऊब शोधीत बॉनेटखालीं शिरतात व तारा कुरतडतात. आमच्या शेजाऱ्यांनीं तंबाखूच्या पुरचुंड्या सांगितल्या, सौ.नें डांबराच्या गोळ्या ठेवल्या. कशानें गेले तें उंदीरच जाणोत. गाडी चार दिवसांआड चालवावी, हा उपाय आम्हांस अधिक खरा वाटतो.

आतां आपण काय करूं नये, तेंही सांगितलें पाहिजे, कारण नव्या शिष्याचा उत्साह वाईट. ब्रेकच्या डबींतील द्रवाची पातळी बाहेरून पाहावी, एवढाच मालकाचा अधिकार. ती उतरूं लागली तर ब्रेक झिजले आहेत किंवा कोठें गळती आहे; नुसती भर घालून तो पुरावा नाहींसा करूं नये. त्या द्रवास बाजारांत ब्रेक ऑइल म्हणतात, पण तें तेल नव्हेच; खरें तेल त्यांत पडलें तर आंतील रबरें फुगतात आणि ऐन वेळीं ब्रेक दगा देतात. चुकीच्या नांवानें अनर्थ होतो, तो असा. हा द्रव हवेंतील ओल शोषतो, म्हणून डबी विनाकारण उघडूं नये. रंगावर सांडला तर रंगही खातो. ब्रेक, स्टिअरिंग व पेट्रोलच्या नळ्या यांना आम्हीं आजवर हात लावला नाहीं, पुढेंही लावणार नाहीं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं तर क्षणभरही शिरूं नये, मग खालीं गेलेली वस्तु सोन्याची कां असेना. आणि जुनें काळें तेल बदललें तर तें गटारांत ओतूं नये. आमच्याकडे गटारें शेवटीं कृष्णेकडेच जातात. तें डब्यांत भरून, असें तेल रीतसर गोळा करणाऱ्याच्या हवालीं करावें.

एवढें केल्यानें पैसे किती वांचले, असें लोक विचारतात. कांहीं वांचले. पंधरा वर्षें झाल्यावर खासगी गाडीची नोंदणी दर पांच वर्षांनीं तपासणी करून नवी करावी लागते. आमच्या गाडीची २०१८ सालीं व पुन्हा २०२३ सालीं ती झाली. दोन्ही वेळां तपासणाऱ्या अधिकाऱ्यानें बॉनेट उघडून पाहिलें आणि गाडी कोणाच्या हातांत आहे, असें विचारलें. आम्हीं सौ.कडे बोट दाखविलें.

हें विनयानें नव्हे. शनिवारचें काम आम्ही करतों, पण वही तिची आहे. आदल्या रात्रीं गाडीखालीं ती एक जुना पुठ्ठा सरकवून ठेवते. सकाळीं तो उजेडांत धरून पाहते. काळा थेंब इंजिनचा, हिरवा पाण्याचा, रंगहीन व बुळबुळीत चाकाजवळ पडला तर ब्रेकचा, हें तिला आतां पाठ आहे. त्यांतल्या कोणत्याही थेंबाला आम्हीं तुळशीचें पाणी म्हणण्याचें धाडस दहा वर्षांत केलेलें नाहीं. आम्ही पट्टी पुसतों, बाटलीच्या खुणा पाहतों, आंकडे मोठ्यानें सांगतों, आणि ती डाव्या हातानें वही धरून उजव्या हातानें लिहिते. लिहितांना पदर पुढें येऊन तो डाग झांकतो, कधीं झांकत नाहीं.

गेल्या शनिवारीं मागच्या डाव्या चाकाची हवा कमी भरली. मागल्या शनिवारींही तीच कमी होती, असें तिनें पान उलटून दाखविलें. आम्हीं म्हटलें, पंपावरचा मापक बरोबर नसेल. तिनें वही मिटली, पदर खोंचला, चाकाशीं बसून बोटांनीं खांचा चाचपल्या आणि तिसऱ्या खांचेंत रुतलेला खिळा आम्हांस दाखविला. "आतां हा उपटूं नका," ती म्हणाली, "तसाच घेऊन जा, म्हणजे त्याला भोंक शोधावें लागणार नाहीं. आणि येतांना कोथिंबीर आणा."